चुनखडीच्या देशात, बसने

नाशिकच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दगड म्हटला की काळा पाषाणच उभा राहतो. पांडवलेणी त्याचीच, काळाराम मंदिर त्याचेच, गोदावरीचे घाट आणि सिन्नरचे गोंदेश्वरही त्याचेच. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात मी गेली अकरा वर्षे आहे, त्यामुळे या दगडाइतकाच दोन दगडांमधला चुनाही माझ्या हाताखालून जातो. आपल्याकडे चुनखडीचे डोंगर नाहीत. रानात, ओढ्याकाठी सापडणारे खडे गोळा करून, भट्टीत भाजून जुन्या लोकांनी चुना केला आणि तो घाण्यात मळून, गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालून भिंतीत घातला. म्हणूनच, ज्या प्रदेशात डोंगर चुन्याचा, नदी चुन्याची, देवळे चुन्याची आणि भाकरीतही चुना, असा प्रदेश एकदा तरी डोळ्यांनी पाहावा अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. यंदाच्या जानेवारीत ती पूर्ण झाली. मी आणि माझी मावसबहीण, पाठीवर प्रत्येकी एक सॅक घेऊन, मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला असलेल्या चियापास राज्यात बसने आणि सामायिक गाड्यांनी फिरलो. आम्हा दोघींच्या पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा होता आणि तो असला की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, एवढी एक गोष्ट तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवते.

सुरुवात सान क्रिस्तोबाल दे लास कासास या गावापासून केली. गाव सुमारे 2200 मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेपाचशे मीटर वर आहे. सकाळी तोंडातून वाफ निघत होती, चौकात धाबळीसारखी जाड लोकरी वस्त्रे पांघरलेल्या बायका उकडलेली कणसे विकत होत्या आणि गावाबाहेर सगळीकडे पाइनची झाडे होती. तिथून पालेंके हे माया या तिथल्या प्राचीन संस्कृतीचे नगर दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर आहे, पण ते समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे फुटांवर, ऐन जंगलाच्या कडेला वसलेले आहे. एवढा उतार एका दिवसात उतरायचा म्हणजे नाशिकहून कसाऱ्याचा घाट उतरून कोकणात जाण्यासारखेच, फक्त घाट तीन-चार पट लांबलेला. लांब पल्ल्याच्या बऱ्याच बसगाड्या हल्ली हा डोंगरातला रस्ता टाळून मैदानातून मोठा वळसा घेतात. आम्ही मुद्दाम डोंगरातलाच रस्ता धरला आणि तो दिवसाउजेडीच पार करायचा असे ठरवले. रात्रीचा प्रवास तिथे कोणीही सुचवत नाही.

या रस्त्यावर ज्या गाड्या चालतात त्यांना तिकडे कोलेक्तिवो म्हणतात. त्र्यंबकच्या वाटेवर काळीपिवळी जीप जशी माणसे भरल्याशिवाय हलत नाही, तशीच ही व्हॅनही हलत नाही, आणि हात केला की कुठेही थांबते. ओकोसिंगो या मधल्या गावी गाडी बदलावी लागते. रस्त्यावर दर वस्तीजवळ उंच गतिरोधक आहेत, त्यांना ‘तोपे’ म्हणतात. गाडी त्यावर अगदी रांगत जाते, तेवढ्यात केळी, सोललेली संत्री, मिठा-तिखटातले आंब्याचे तुकडे घेऊन मुले खिडकीशी येतात. आम्ही दुपारचे जेवण दोन्ही दिवस असेच, गतिरोधकावर केले. या संथपणाचा मला फार उपयोग झाला. पाइन कधी संपले, केळी कधी लागली, कौलांच्या जागी पत्रे कधी आले आणि खिडकीतून येणारा वारा कधी दमट झाला, हे सगळे मला डोळ्यांनी पाहता आले. रस्त्यासाठी कापलेल्या दरडी तर मी वाचतच गेले. पांढरट, पिवळसर, थरांची चुनखडी, मधेच विरघळून पडलेली छिद्रे, आणि त्या छिद्रांतून झिरपणारे पाणी.

पहिल्याच दिवशी ओकोसिंगोच्या अलीकडे रस्ता बंद होता. गावकऱ्यांनी ओंडके आडवे टाकले होते आणि दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती. जवळजवळ तीन तास आम्ही तिथे होतो. कोणी आरडाओरडा करत नव्हते. चालक खाली उतरून बोलून आला आणि गाडीच्या सावलीत बसला. हा भाग 1 जानेवारी 1994 रोजी इथल्या आदिवासींच्या झापातिस्ता उठावात जगाच्या बातम्यांत आला, ओकोसिंगो हे बंडखोरांनी ताब्यात घेतलेल्या गावांपैकी एक. जमिनीचा, पाण्याचा, हक्काचा प्रश्न इथे अजूनही रस्त्यावर येऊन मांडला जातो. शेजारी बसलेल्या, त्सेल्ताल या माया जमातीच्या बाईंनी आम्हाला प्यायला पोसोल दिले. मळलेल्या मक्याचे पीठ पाण्यात कालवलेले, किंचित आंबूस, आणि पोटाला थंड. आपल्याकडच्या आंबिलीची आठवण यावी असे ते होते. तिकडे जाणाऱ्याने दोन गाड्यांच्या वेळांमध्ये भरपूर मोकळी जागा ठेवावी आणि निघण्याच्या सकाळी रस्ता सुरू आहे का हे मुक्कामी विचारून घ्यावे.

ओकोसिंगोजवळ तोनिना हे माया नगर आहे. डोंगराच्या उतारावर एकावर एक चढवलेले चौथरे, मिळून सुमारे पंचाहत्तर मीटर उंची, आणि वरपर्यंत चढायला परवानगी. तिथे आम्ही धरून दहा-बारा माणसे होती. पालेंकेशी या नगराचे वैर होते आणि 711 साली तोनिनाने पालेंकेच्या राजाला कैद केले. हात बांधलेल्या त्या राजाची कोरीव प्रतिमा इथेच सापडली आहे. पालेंके पाहण्याआधी त्याच्या पराभवाचे गाव पाहिले, याचे पुढे बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी आग्वा आसूल. नावाचा अर्थच ‘निळे पाणी’. मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर उतरून दुसऱ्या गाडीने चार-पाच किलोमीटर खाली जावे लागते. निळे म्हणजे किती निळे असणार, छायाचित्रांत रंग वाढवलेला असणार, असे आम्ही दोघी बोलत होतो; पण पहिल्या वळणावर नदी दिसली आणि बहीण एवढेच म्हणाली, “ताई, यात कोणी नीळ कालवली आहे का गं?” फिरोजी रंगाचे पाणी, दुधाची एखादी धार मिसळावी तसे किंचित गढूळ, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरत होते.

इथे मी कडेला बसून तासभर फक्त पायऱ्यांचे काठ पाहिले. आपला धबधबा दगड झिजवतो. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडीला पावसाळ्यात उभे राहिले की काळ्या कड्यावर पाणी आदळते आणि कण कण नेते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. आग्वा आसूलचा धबधबा दगड बांधतो. पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीतून वाहताना तिला विरघळवून सोबत आणते. उतारावर पाणी खळाळले की तो वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पाण्याबाहेर पडून मिळेल त्याला धरून बसतो. अडकलेली फांदी, गळलेले पान, शेवाळाचा झुपका, सगळ्यावर त्याचे पुट चढते. पुटावर पूट चढून काठ उंचावतो, काठामागे पाणी साचते, आणि अशा रीतीने नदी स्वतःच स्वतःसाठी बंधारे घालत जाते. मी एका काठाला बोट लावले तेव्हा तो ओल्या गिलाव्यासारखा खरखरीत लागला आणि त्यात एक काटकी अर्धी दगड झालेली, अर्धी अजून लाकूड असलेली, स्पष्ट दिसत होती. पाण्यात तरंगणारे चुन्याचे बारीक कण प्रकाशातला निळा भाग परत फेकतात, म्हणून तो रंग. पावसाळ्यात माती मिसळली की तोच प्रवाह तांबूस होतो, म्हणून जायचे तर नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत जावे. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये प्रवाह बाजूच्या पात्राला वळला आणि हे धबधबे जवळजवळ कोरडे पडले होते. गावकऱ्यांनी स्वतः पात्रात उतरून, पोती लावून पाणी परत आणले. नदीने घातलेले बंधारे माणसांनी जपले, हे तिथे उभे राहून ऐकताना माझे मन भरून आले.

मिसोल-हा हा धबधबा पालेंकेपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तीसेक मीटरचा एकच सरळ पडदा, आणि त्याच्या मागून चालत जाण्याची वाट. पोहायला चांगला डोह आहे. ओले होण्याची तयारी असावी.

पालेंकेच्या दारात आम्ही सकाळी 8 वाजता होतो, गावातून कोलेक्तिवोने वीस मिनिटे लागतात. झाडांवरून हाउलर माकडांचा आवाज येत होता. एखादे मोठे जनावर बोगद्यात ओरडावे तसा तो आवाज आहे आणि तो एवढ्याशा माकडाचा आहे यावर विश्वास बसत नाही. या नगराचे जुने नाव लाकामहा, अर्थ ‘मोठे पाणी’. डोंगरातून इथे पन्नासहून अधिक झरे फुटतात. नगर वसवताना माया लोकांनी ओतुलुम नावाचा ओढा राजवाड्याच्या बाजूने दगडी, कमानदार बोगद्यातून नेला, म्हणजे चौकाची जागाही मिळाली आणि पुराचे पाणीही बिनबोभाट खाली गेले. तो बोगदा आजही आहे, त्यातून पाणी आजही वाहते. खाली जंगलात तोच ओढा चुन्याच्या पायऱ्यांवरून उतरतो. आग्वा आसूलला जे मोठ्या मापात पाहिले तेच इथे अवशेषांच्या अंगणात लहान मापात दिसले, आणि बसच्या खिडकीतून दोन दिवस पाहिलेला डोंगर, पाणी आणि नगर हे सगळे माझ्यासाठी एका सूत्रात आले.

कारण पालेंकेतले बरेचसे शिल्प चुन्याचे आहे. चुनखडी लाकडावर भाजायची, तिचा कळीचा चुना करायचा, पाण्यात विझवायचा, आणि तो भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून तो पुन्हा चुनखडीच होतो. नदी जे आपसूक करते तेच गवंडी हाताने करतो. राजवाड्याच्या खांबांवर ओल्या चुन्यात घडवलेल्या माणसांच्या आकृती आहेत, त्यांची बोटे, पायांतल्या वहाणांच्या गाठी, कमरेचे मणी, सगळे हाताने दाबून केलेले. माया कारागीरही चुन्यात झाडांच्या सालींचा चिकट अर्क मिसळत. आपल्या गुळा-हिरड्याचे काम तिकडे सालींनी केले. एका खांबावर गिलाव्याचा तुकडा निखळलेला होता आणि त्याच्या कडेला मला तीन थर मोजता आले: दगडाला भिडलेला जाड, वाळूचा, त्यावर बारीक, आणि सर्वांत वर साईसारखा पातळ, ज्यावर तांबडा रंग अजून टिकून होता. आमच्या कामात आम्ही हेच तीन थर देतो. तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याने तळव्याने शेवटचा हात कुठे फिरवला हे कळण्याइतके ते ताजे होते. मात्र चुना भाजायला लाकूड अफाट लागते, आणि त्यापायी नगरांभोवतीचे जंगल किती उतरले असेल हा माया संशोधनातला जुना वाद आहे. आज हिरवाईने वेढलेले पालेंके पाहताना हे मनात ठेवावे.

हे वैभव मुख्यतः एका राजाचे आहे. किनिच जनाब पाकाल 615 साली, बाराव्या वर्षी गादीवर आला आणि 683 मध्ये, ऐंशीव्या वर्षी वारला. राजवाड्यातल्या एका दालनात लंबगोल शिळा भिंतीत बसवलेली आहे: दोन डोक्यांच्या जग्वारच्या आसनावर पाकाल बसला आहे आणि त्याची आई साक कुक त्याच्या हाती शिरोभूषण देते आहे. हे घर 654 साली उभे राहिले, आणि बाकी राजवाडा तांबडा असताना हेच तेवढे पांढरे ठेवलेले होते. त्या शिळेसमोर मला आपली पांडवलेणी आठवली. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलाच्या पराक्रमाचा, आईने कोरवून घेतलेला. आणि तो मुलगा इतिहासात आईच्याच नावाने, गौतमीपुत्र म्हणून, राहिला. इकडे आईचा शब्द दगडात आहे, तिकडे आईचा हात.

पाकालची समाधी शिलालेखांच्या मंदिराखाली आहे. आल्बेर्तो रुस या पुरातत्त्वज्ञाच्या लक्षात आले की वरच्या देवळाच्या फरशीतल्या एका शिळेला भोके आहेत, ती दगडी गुडद्यांनी बुजवली आहेत, आणि भिंती फरशीशी न थांबता खाली जात आहेत. शिळा उचलली तेव्हा राडारोड्याने ठासून भरलेला जिना दिसला. तो उपसायला अनेक हंगाम गेले आणि 1952 च्या जूनमध्ये रुस तळाशी पोहोचला. आत शेंदरी हिंगूळ माखलेली अस्थी, जेडचा मुखवटा आणि प्रचंड कोरीव झाकणाची शवपेटी होती. आणि बारा शतके झिरपलेल्या पाण्याने त्या खोलीच्या छतावरून चुन्याचे झुंबर लोंबत होते. नदीने तिथेही आपले काम चालू ठेवले होते. समाधीत आता पर्यटकांना सोडत नाहीत. शवपेटीची प्रतिकृती जवळच्या संग्रहालयात आहे आणि ती चुकवू नये. मुखवटा मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. 1985 च्या नाताळात तो चोरीला गेला होता आणि 1989 मध्ये परत मिळाला.

हे सगळे आज नावानिशी सांगता येते ते लिपी वाचली गेली म्हणून. ब्राह्मीची किल्ली 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपला मिळाली आणि आपली लेणी बोलू लागली. माया लिपीला याहून शतकभर अधिक थांबावे लागले. दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने 1562 मध्ये मानी गावी माया पोथ्यांची होळी केली, आज जगात जेमतेम चार पोथ्या उरल्या आहेत. मात्र त्यानेच लिहून ठेवलेल्या चिन्हांच्या यादीवरून युरी क्नोरोझोव या सोव्हिएत अभ्यासकाने 1952 मध्ये, म्हणजे समाधी उघडली त्याच वर्षी, ही चिन्हे उच्चारांची आहेत हे दाखवले. पुढे 1973 मध्ये पालेंकेतच भरलेल्या एका परिषदेत लिंडा शेले, फ्लॉइड लाउन्सबरी आणि पीटर मॅथ्यूज यांनी शिलालेख समोर ठेवून एका दुपारात इथल्या राजांची वंशावळ लावली. ज्या नगरातला शेवटचा ज्ञात लेख 799 चा, त्याच्या राजांना त्या दुपारी पुन्हा नावे मिळाली.

आणखी एक दिवस आम्ही उसुमासिंता नदीवर होतो. पलीकडचा काठ ग्वातेमालाचा. तिथल्या याश्चिलान या माया नगराला रस्ता नाही, लांब होडीनेच जावे लागते, आणि चौकटींच्या वरचे कोरीव दगड पाहण्यासाठी मान वर करून आत शिरावे लागते. वाटेवर बोनाम्पाक या दुसऱ्या माया नगराची भित्तिचित्रे आहेत, तीही चुन्याच्या पुटावरची. वेळ कमी असेल तर हा दिवस वगळा, पण पालेंकेला दोन दिवस द्या. 2023 च्या अखेरीपासून तिथवर रेल्वेही येऊ लागली आहे. तरी एका दिशेने का होईना, डोंगरातून गाडीने या.

घरी आल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचा. मी तिला सांगितले की तिकडे मका चुन्याच्या पाण्यात उकडतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून साले काढतात आणि मग वाटतात. असे केल्याने त्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपातल्या लोकांनी मका नेला पण ही रीत नेली नाही, म्हणून मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्राचा आजार पसरला. आजीला आजाराचे फारसे काही वाटले नाही. तिने पानाच्या डब्यातला खाण्याचा चुना काढला, निवळी केली आणि पावशेर मका त्यात उकडायला ठेवला. घरभर पहिल्या पावसात भिजलेल्या भिंतीसारखा वास पसरला. सकाळी दाणे पिवळेधमक झाले होते, साल बोटाने निघत होती. पाट्यावर वाटून तिने भाकरी थापली. मक्याची भाकरी कडेला फाटते म्हणून आजी ती कधी मनापासून करत नाही. ही थेट परातीएवढी झाली, उचलली, तव्यावर टाकली आणि कडा अखंड राहिली. तिने ती उलटून पाहिली, पुन्हा उलटून पाहिली.

“चुन्यानं धरलं गं,” ती म्हणाली. “उद्या अर्धा किलो भिजव.”